दोनशे किलोमीटर

मार्च लागला की आई रोज एकच विचारते,
चहा गाळता गाळता, माझ्याकडे न बघता:
आलं का गं एखादं?

मी टेकडीवरच्या हवामान केंद्रात.
मोठ्या समुद्रात कुठं काय फिरायला लागलंय
ते रॉड्रिग्जवर सगळ्यांच्या आधी मला कळतं.
बाकीच्या बायका धास्तीनं विचारतात.
आई विचारते
उशीर झालेल्या बसबद्दल विचारावं तसं.

लगूनमधलं पाणी एकतीसवर, पाचवा आठवडा.
गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तर वाटतं
कुणाच्या तरी अंघोळीच्या उरलेल्या पाण्यात उतरलोय.
पोवळी आधी भलत्याच रंगांनी पेटली,
जांभळी, झगझगीत निळी.
ग्राव्हिएच्या शाळेतली पोरं टाळ्या पिटत होती.
आई काही बोलली नाही.
तापात माणसाचे गालही असेच रंगतात.
मग आठ दिवसांत सगळं पांढरं.
मेलेलं नव्हे, उपाशी.
लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

चाळीस वर्षं आई ओहोटीला काठी घेऊन निघते.
ऑक्टोपसचं बीळ तिला
दारात टाकलेल्या शिंपल्यांवरून कळतं.
परवा एक दिसला,
पांढऱ्यावर पांढरा होऊन बसलेला.
"इतकं छान जमलं होतं त्याला," ती म्हणाली,
"मारावंसं वाटेना."
मारला मात्र.

पाणी निवायचं तर वादळच हवं.
खालचं गार पाणी ढवळून वर आणणारं,
चार दिवस ऊन झाकून टाकणारं,
कपाळावरच्या ओल्या फडक्यासारखं.
पण फार जवळ आलं की तेच
ताटाएवढी, टेबलाएवढी पोवळी उलथून फोडतं.
आमच्या दाराची पायरी तशीच आलेली.
मी सात वर्षांची होते.
सकाळी किनाऱ्यावर वासराएवढा धोंडा,
स्वयंपाकघराचा पत्रा कुणाच्या तरी मक्यात.
धोंडा चौघांनी ढकलत आणला.
अजून त्याच्यावर ताऱ्यांच्या खळ्या आहेत,
बसलं की मांडीला उमटतात.

म्हणून आईचा हिशेब पक्का.
दोनशे किलोमीटर. उत्तरेकडून. रात्रीचं नको.
सोयरीक बघावी तसं:
अगदी शेजारची नको,
येणंजाणं तुटेल इतकी लांबची नको.
रविवारी चर्चमध्ये सगळे म्हणतात, टळू दे.
आईचेही ओठ हलतात,
मला शेजारी बसून आकडा ऐकू येतो.

सहा एप्रिलला ते आलं.
नाव एखाद्या शाळकरी मुलीचं.
नकाशावर मी पट्टी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.
एकशे पंच्याण्णव. उत्तरेकडून.
वेळ तेवढी आईचं न ऐकता रात्रीची.

तीन दिवस आभाळ खाली आलेलं.
कोंबड्या खाटेखाली, एक केळ आडवी, बाकी काही नाही.
चौथ्या दिवशी पाणी अठ्ठावीस.
आई भिजत जाऊन बघून आली.
म्हणाली, सगळीकडे नाही,
पण खाचेत, सावलीच्या अंगाला,
फिकट चहाचा डाग पडल्यासारखं दिसतंय.
एवढं बोलून ती हसली. दात नसलेल्या बाजूनंसुद्धा.

आमच्यापुढं ते मॉरिशसला गेलं.
तिथं पत्र्याच्या वस्तीत एर्मिन मावशी राहते,
वीस वर्षांपूर्वी बोटीनं गेलेली, कामासाठी.
फोन पाचव्या दिवशी लागला.
छप्पर गेलं. नातवाचा हात मोडला.
"तुमच्याकडे?" मावशीनं विचारलं.
आईनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला.
"एक केळ पडली," म्हणाली.

मग बांबूवर वाळत घातलेले ऑक्टोपस तिनं उतरवले.
तीन गोणीत भरले. थांबली. चौथाही भरला.
मंगळवारच्या बोटीला द्यायचे.
गोणीवर मी मावशीचं नाव लिहिलं.
पाठवणाऱ्याचं?
"ते राहू दे," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं चहा गाळला
आणि काही विचारलं नाही.
मीच सांगितलं, काही नाहीये, सगळं शांत आहे.
ती पायरीवर जाऊन बसली,
पदराखाली हात घालून
मांडीवरचे तारे चोळत.